हेल्मेट हललं नाही

"तुला एवढा कसला माज आहे रे?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणींचा, प्रचिती आणि जुवेरियाचा होता. ट्रॅकच्या जाळीपलीकडं उभ्या राहून दोघी मला सकाळपासून डिवचत होत्या, "समे, विचारून दाखव. विचारलंस तर कॉकटेल आइस्क्रीम, मोठा ग्लास. नाही विचारलंस तर तू फुसकी." आणि फुसकी हा शब्द त्या वर्षी मला अजिबात खपत नव्हता. आठवीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज निम्म्यात अडकायचा. मग उन्हाळ्यात गो-कार्टची क्लबातली शर्यत जिंकले, पोरांना मागं टाकून जिंकले, आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुरू झालं ते थांबेना. आई म्हणायची, हिचे ब्रेक गेले.

तर मी गेले आणि विचारलं.

यशोधन चौगुले टायरच्या चवडीवर बसून हातमोजे घालत होता. मी अगदी त्याच्या शेजारी उभी होते, तरी माझा आवाज आल्यावर तो दचकला. मग मान अख्खी वळवून, मला बरोबर नाकासमोर आणून म्हणाला, "मला म्हणतीस?"

"मग काय टायरला?"

"मी काय केलं?"

"जुवेरियानं गेटवर तुझ्यापुढं हात केला. तू बघितलंसुद्धा नाहीस. सरळ पुढं निघून गेलास."

"कोण जुवेरिया?"

जाळीपलीकडून दोघी किंचाळल्या. "बघा, बघा! वर तोंड करून विचारतोय, कोण जुवेरिया!"

मी ऐटीत परत फिरले. आइस्क्रीम पक्कं झालं होतं. त्याचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता, हे मी बघितलं आणि बघून सोडून दिलं.

हे मी नववीत असतानाचं. आता बारावीत आहे, पण तो रविवार अजून जसाच्या तसा आठवतो.

कोल्हापूरच्या बाहेर माळावर तो ट्रॅक होता. तिथं ज्युनियर सिंगल सीटर मालिकेसाठी निवड चालली होती. सिंगल सीटर म्हणजे एकट्याची गाडी. छप्पर नाही, दारं नाहीत, ड्रायव्हरचं डोकं वाऱ्यात आणि चारही चाकं उघडी. कार्ट चालवणाऱ्या प्रत्येक पोराला एकदा तरी तिच्यात बसायचं असतं. आम्ही सहा जण आलो होतो आणि संघात जागा एकच होती. तिला सगळे नुसतं 'सीट' म्हणायचे. सीट कुणाला, सीट कुणाची. मी झोपेतसुद्धा सीट-सीट बडबडले होते म्हणे. मिळाली तर अख्खा हंगाम देशभरच्या ट्रॅकवर गाडी पळवायची. नाही मिळाली तर परत क्लबातली जुनी कार्ट आणि वर दहावीचे क्लास.

माझे पप्पा शिरोलीत फाउंड्री चालवतात. त्यांना वेगाचं भारी वेड. आईचं मात्र फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि तिला वेगापेक्षा मान वळवण्याचं वेड. नवी बाई शिकायला आली की आई आधी चावी देत नाही. तिला खुर्चीत बसवते, "वहिनी, नाक समोर हं," म्हणते, स्वतः मागं उभी राहते आणि दोन्ही हात तिच्या कानामागून हळूहळू पुढं आणते, बोटं हलवत. बोटं दिसली की बोलायचं. कुणाला फार उशिरा दिसली तर आई शिकवणीची फी घेत नाही, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवते. "आपल्या गावात समोरून कोण येतंय? म्हशी, रिक्षा, सायकली, सगळं बाजूनंच येतं," असं तिचं म्हणणं. मी या बोटांची लहानपणापासून टिंगल करत आले.

निवड करायला पुण्याहून पाटणकर सर आले होते. ते स्वतः एकेकाळी रेसर होते, उंच, पांढरी टोपी घालणारे. त्यांच्या हातात स्टॉपवॉच नसायचं. "घड्याळ गाडी मोजतं," ते म्हणाले. "मला मूल मोजायचंय." मोजण्याची त्यांची रीत अशी: दोन-दोन गाड्या शेजारी शेजारी सोडायच्या आणि आपण पहिल्या वळणावर उभं राहायचं. शेजारची गाडी अंगावर आली की घाबरणाऱ्याचं हेल्मेट आधी तिकडं झुकतं, मग ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला जातो. सर पायाकडं बघायचेच नाहीत. फक्त हेल्मेटकडं.

सगळ्यांची हेल्मेटं हलली. माझंही हललं, जरासंच. यशोधनचं हललं नाही.

पहिल्या जोडीला नाही, दुसऱ्या जोडीलाही नाही. शेजारची गाडी हातभर अंतरावर आली तरी त्याचं डोकं खिळा मारल्यासारखं सरळ. दोन्ही वेळा शेजारच्यानंच घाबरून पाय उचलला. सरांनी टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघून घ्या, बाळांनो. असं पोर दहा वर्षांत एकदा दिसतं."

यशोधनचे पप्पा जाळीला धरून उभे होते. इचलकरंजीत त्यांचे यंत्रमाग आहेत. ते वाक्य ऐकून त्यांनी डोळेच पुसले.

मला मत्सर वाटला का? वाटला की. पोटात मिरची ठेचल्यासारखा वाटला. म्हणून तिसऱ्या जोडीत माझं नाव त्याच्याबरोबर आलं तेव्हा मी ठरवलं, आज पाय उचलायचा नाही. बघू कुणाचं डोकं हलतं.

वळण डावीकडचं होतं आणि मी आतल्या बाजूला होते. माझं पुढचं चाक त्याच्या खांद्याच्या रेषेत आलं होतं. कुठल्याही ड्रायव्हरनं अशा वेळी शेजारच्याला एका गाडीपुरती जागा ठेवायची असते; घाबरून नव्हे, उघड्या चाकाला उघडं चाक लागलं तर गाडी उडते म्हणून. यशोधननं जागा ठेवली नाही. मी तिथं नाहीच, अशा थाटात तो वळला. त्याच्या चाकावर माझं चाक चढलं, माझी गाडी एका बाजूनं उचलली गेली, धप्पकन खाली आली आणि फिरत फिरत मातीत गेली.

मी बेल्ट सोडून बाहेर आले ती ओरडतच. "दिसत नाही का रे तुला?"

तोही गाडी थांबवून पळत आला होता. हेल्मेट काढलं तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं.

"तू... तू कुठनं आलीस?"

"कुठनं म्हणजे? शेजारीच होतो की मी! वळणाच्या आधीपासनं!"

"खोटं बोलू नको."

"मी खोटं बोलतोय व्हय?"

तेवढ्यात सर आले. मी पटापट सगळं सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "दोघंही धड आहात ना? मग झालं. हे रेसिंग आहे, मुली. त्यानं वाट बंद केली, तुला आत शिरता आलं नाही." आणि यशोधनची पाठ थोपटली.

जाळीपलीकडून जुवेरिया ओरडली, "माज!"

जेवायला पत्र्याच्या शेडमध्ये पिठलं-भाकरी होती. मी मुद्दाम यशोधनच्या शेजारी जाऊन बसले, भांडण उरलं होतं म्हणून. ताकाचे ग्लास वाटत होते. मी दोन घेतले आणि एक त्याच्यापुढं धरला. म्हणजे त्याच्या बाजूनं धरला. त्यानं घेतला नाही. मी धरून राहिले. तो समोर बघत भाकरी मोडत होता. मग त्याचा कोपर हलला, ग्लासला लागला आणि सगळं ताक माझ्या मांडीवर.

"अगं आई गं! सॉरी, सॉरी," तो उडालाच. "घरी पण असंच होतं. आई म्हणते, दाराच्या चौकटीशी तुझं काय वैर आहे."

मी ओल्या मांडीनं त्याच्याकडं बघत बसले. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट दुसरीला जाऊन चिकटायला लागली. जुवेरियाचा हात. टायरवर बसलेला असताना दचकणं. मान अख्खी वळवून बघणं. तू कुठनं आलीस.

"यशोधन, एक गंमत करू? नाक समोर ठेव."

"कशाला?"

"ठेव की. आमच्या आईची गंमत आहे. बोटं दिसली की सांगायचं."

तो हसला आणि ताठ बसला. मी मागं उभी राहिले आणि हात पुढं आणायला लागले. कानापाशी आणले, बोटं हलवत. मग कानाच्या पुढं. मग गालापाशी.

"कर की सुरू," तो म्हणाला.

मी बोटं हलवतच होते.

मी हात आणखी पुढं आणले. माझे दंड दुखायला लागले, पण तो काही 'दिसली' म्हणतच नव्हता. शेवटी हात जवळजवळ त्याच्या डोळ्यांसमोर आले तेव्हा तो खुशीत म्हणाला, "हां, आली! दोन! पास ना?"

मी खाली बसले. तोंडातनं शब्द येईना. आठवीतल्या समिधासारखं झालं माझं.

"काय गं?"

"यशोधन, तुला बाजूचं दिसत नाही."

"म्हणजे?"

"समोरचं दिसतं. बाजूचं नाही. माझी गाडी दिसली नाही तुला. घाबरला नाहीस असं नाही. दिसलीच नाही."

त्याचा चेहरा आधी कोरा होता, मग रागाचा झाला. "माझी तपासणी झालीय. डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली मी. तुला सीट पाहिजे म्हणून बोलतीस हे."

"तक्ता समोर असतो रे."

भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग त्यानं स्वतःचाच हात कानापाशी नेला आणि पुढं आणला, परत मागं नेला, परत पुढं आणला. बऱ्याच वेळानं अगदी हळू म्हणाला, "सगळ्यांना एवढंच दिसतं ना?"

मी मान हलवली. नाही.

"तुला कुठपर्यंत दिसतं?"

मी हात पसरून दाखवले. त्याला ते दोन्ही एकदम बघता आले नाहीत. आधी उजवीकडं मान वळवून एक बघितला, मग डावीकडं वळवून दुसरा. एवढं मोठं जग, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

"समिधा, कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "सीट मिळू दे. मग डोळे दाखवतो. आईशपथ दाखवतो. पप्पांनी ऐकलंय गं, दहा वर्षांत एकदा."

मी हो म्हणाले नाही, नाहीपण म्हणाले नाही.

दुपारी पाटणकर सरांनी एकेकाला गाड्यांच्या शेडमध्ये बोलावलं. प्रश्न सगळ्यांना तोच, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीचा: स्वतःला सोडून सीट कुणाला देशील? कुणाची खरी भीती वाटते ते पोरांनाच कळतं, असा त्यांचा विश्वास. माझ्या आधीचे सगळे 'यशोधन' म्हणून बाहेर आले.

मी आत गेले. ऑइलचा वास, उघडं पडलेलं इंजिन आणि खुर्चीत सर.

"बोल. कुणाला?"

"सर, मी एक सांगतो..."

"सांगते," ते म्हणाले. आमच्या कोल्हापुरात पोरीही सांगतो, जातोच म्हणतात. पुण्याच्या सरांना सकाळपासून ते टोचत होतं.

"सांगते. सगळ्यात फास्ट यशोधनच आहे सर. पण त्याला सीट देऊ नका."

"का?"

"त्याला शेजारची गाडी दिसत नाही. म्हणून त्याचं हेल्मेट हलत नाही."

सरांनी खुर्ची पुढं ओढली.

"दुसरा नंबर कुणाचा आहे, माहितीये?"

"माझा असेल सर."

"मग दुसऱ्या नंबरची मुलगी पहिल्याबद्दल हे सांगते, तेव्हा मी काय समजायचं?"

"मत्सर समजा सर. मला मत्सर वाटतोच. पण दिसत नाही ते नाहीच."

"मी हेल्मेटं बघत म्हातारा झालो. हिंमत कशाला म्हणतात ते तू मला शिकवणार?"

आधी वाटलं पळावं. पण त्याच्या चाकावर माझं चाक उचललं गेलं तो क्षण अंगात अजून होता. आणि पुढच्या ट्रॅकवर गाड्या याच्या दुप्पट पळणार होत्या.

"काही शिकवत नाही सर. फक्त त्याच्या बाजूनं हात पुढं करून बघा. न बोलता."

"जा बाहेर."

मी बाहेर आले. यशोधन दारासमोरच उभा होता. मी त्याच्या बाजूनं पुढं निघून गेले.

निकालाला आम्हाला ओळीत उभं केलं. यशोधन माझ्या डाव्या हाताला. समोर टेबल, टेबलावर संघाचं निळं जॅकेट. आईबाप खुर्च्यांवर, प्रचिती-जुवेरिया जाळीला चिकटलेल्या. सर भाषण करतील असं वाटलं, पण ते बोललेच नाहीत. ओळीच्या त्या टोकाकडून सावकाश चालत आले, यशोधनच्या पलीकडच्या अंगाला थांबले आणि हात पुढं केला.

यशोधन निळ्या जॅकेटकडं बघत होता.

हात तसाच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, त्या अर्ध्यातच विरल्या. कुणीतरी हसलं. "बघा रे तोरा!" मागून आवाज आला. माझा कोपर त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. एक ढोसणी दिली असती तर त्यानं मान वळवली असती, हात मिळवला असता, आणि जॅकेट त्याचं झालं असतं. मी माझे दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

सरांचा चेहरा मी बघितला. टोपीखालचा तो चेहरा बघता बघता वयस्कर होत गेला. हात मात्र त्यांनी मागं घेतला नाही. अजूनही हा वळेल, अशा आशेनं धरून ठेवला होता.

मग यशोधनला लोकांचं हसू ऐकू आलं असावं. त्यानं मान वळवली. आधी त्याला हात दिसला, मग सर. आणि मग त्यानं मान पूर्ण दुसरीकडं फिरवून माझ्याकडं बघितलं.

तसं माझ्याकडं आजवर कुणी बघितलेलं नाही.

"निकाल नंतर कळवू," सर म्हणाले आणि शेडकडं चालू लागले.

आई-पप्पा गाडीपाशी थांबले होते, तिथं सर आले. पप्पांशी हात मिळवून म्हणाले, "सीट तुमच्या मुलीची." पप्पांनी आरोळीच ठोकली. सरांनी मला जरा बाजूला घेतलं.

"तू बरोबर होतीस."

"त्याला सांगितलंत सर? त्याच्या पप्पांना?"

त्यांनी टोपी नीट केली. "हे बघ, ते डॉक्टरांचं काम. संघाकडून काय ते पत्र जाईल, सवडीनं. आपण बोलायचं नाही. मी सगळ्यांसमोर काय म्हणालो होतो, ऐकलंस ना? बभ्रा झाला तर मालिकेचं हसं होईल."

"मालिकेचं?"

ते वळून शेडकडं निघाले.

आई गाडी चालवायला बसली, पप्पा तिच्या शेजारी फोन कानाला लावून, मी मागं. गेटपाशी वाहनांची रांग लागली होती. आमच्या खिडकीला लागूनच चौगुल्यांची मोटरसायकल उभी होती. काच खाली होती.

"हात पुढं केला तर बघायचं नाही?" यशोधनचे पप्पा त्याच्यावर खेकसत होते. "एवढा मोठा माणूस! माजलास तू, माजलास. सीट घालवलीस माजापायी. आता पुढच्या रविवारी दुसऱ्या संघाची निवड आहे, तिथं नेतो तुला. तिथं तरी नम्र राहा. गाडी अशीच चालव, पण नम्र राहा."

यशोधन मागं बसून ऐकत होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याला मी दिसत नव्हते.

रांग सुटली. मोटरसायकल इचलकरंजीच्या रस्त्याला लागली, आम्ही कोल्हापूरच्या. पप्पा काकांना सांगत होते, "अरे आमची समी! सहा जणांत पहिली!" माझ्या फोनवर जुवेरियाचा मेसेज आला, 'माजुरड्याची चांगली जिरली. आइस्क्रीम दोन ग्लास.' मी फोन पालथा ठेवला.

आईनं आरशातून बघितलं. "समे, तोंड का असं? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. ताकापासून हातापर्यंत. पप्पांनी फोन कधी बंद केला कळलं नाही. आईनं गाडीचा वेग कमी केला.

"बोटं कुठपर्यंत आल्यावर दिसली त्याला?" तिनं शेवटी विचारलं.

मी माझ्या चेहऱ्यासमोर हात धरून दाखवलं. तिनं आरशात ते बघितलं आणि ओठ मिटले.

"आई, गाडी वळव," मी म्हणाले. "आपण त्यांच्या घरी जायचं. आत्ता. तू त्याला त्याच्या पप्पांसमोर खुर्चीत बसवणार आणि बोटं दाखवणार. बोलायचं काम माझं."

"खुळी झालीस का?" पप्पा मागं वळले. "सीट घेतलीस, वर दारात जाऊन त्यांच्या पोरात खोट काढायची? दगड मारतील आपल्याला."

"मारू देत."

"आणि मग सीटचं काय? लाज वाटून सोडून देणार आहेस?"

आईनं इंडिकेटर दिला, मान वळवून मागचा रस्ता बघितला आणि माझ्या उत्तराची वाट बघत गाडी कडेला घेतली.

"सीट मी घेणार पप्पा," मी म्हणाले. "सोडली तर सगळ्यांना वाटेल मी खोटं बोललो. आणि मी खोटं बोललो नाही."